गोपालची फळी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चिंधाभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गोपाल, सौ. भागीरथी आणि डिंडोलीकर रसिकहो,

निमंत्रणपत्रिकेत ‘हार्दिक’ची वेलांटी दीर्घ छापली गेली आहे. एरवी मी त्यावरच बोललो असतो. आज तेवढी उसंत नाही. गोपालचे बिऱ्हाड घेऊन सुरतेहून अमळनेरला जाणारा टेम्पो दाराशी उभा आहे.

माझे व श्रीरंगचे व्हायोलिन, जयश्रीबाईंचा व्हायोला आणि गोपालचा जमिनीवर टेकवून वाजवायचा चेलो, एवढ्यावर आम्ही चौघे जॅझ वाजवतो. गणेशोत्सवात तासभर वाजवून उठलो, तेव्हा अध्यक्षमहाराजांनी विचारले होते, “सर, तालीम झकास झाली. प्रोग्राम कधी ठेवलाय?” हसा, भाऊ. तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात, हे मी विसरलेलो नाही.

आमच्यात ड्रम नाही. गोपाल बोटांनी चेलोच्या तारा छेडत ठेक्याची चाल धरतो. त्या आधारावर आम्ही तिघे मनास येईल तिकडे भटकून परत येतो. तो गेल्यावर परत यावे कोठे? श्रीरंग म्हणतो, “सर, कीबोर्ड घेऊ ना. त्यात चेलोपण येतो.”

श्रीरंग, तुला एक गोष्ट ठाऊक नाही. समोरासमोरचे बोलणे मला समजते; व्हायोलिनचा सूर मात्र वर्षभरापासून ऐकू येत नाही. माझ्या स्वतःच्या व्हायोलिनचाही नाही. गेल्या उन्हाळ्यात तालमीला शाळेच्या लादीवर वाजवताना मी वाट चुकलो. दुसऱ्या दिवशी गोपालने तो कापड रंगवायला जातो त्या पलसाण्याच्या डाइंग हाउसमधून एक लांब फळी आणली. तिच्या एका टोकावर चेलो टेकवला, दुसरे माझ्या पायांखाली सरकवले.

“हे कशाला रे?”

“लादीचा गारठा लागतो, सर.”

मे महिना होता.

तेव्हापासून मी चपला काढून वाजवतो. जयश्रीबाई त्याला माझी भक्ती समजतात. बाई, गोपालची चाल फळीतून माझ्या तळपायांना कळते. मी तेवढ्यावर वाजवतो आहे.

त्याची आई तिकडे अमळनेरला अंथरुणाला खिळली आहे. तिला माझ्या घरी आणा, खोली रिकामी करून देतो, असे मी परवा विनवले. भागीरथी म्हणाली, “आबा, माय गाव सोडाले तयार नई. आमले जानंच पडी.” तिचे म्हणणे रास्त आहे.

गोपाल, निरोपाच्या भाषणात असे बोलू नये, हे मी जाणतो. तरीही सर्वांसमक्ष म्हणतो, जाऊ नकोस.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलता बोलता माझा आवाज कोठे चढला वा पडला असल्यास क्षमा असावी. मला ते कळत नाही.