सहा भुंगे आणि माझं डावं-उजवं

...नाही, मला एक सांगा, माणसाचा गुडघा गेला म्हणून त्याला कोणी रोबो शिकवायला बसवतं का? बावीस वर्षं पीटी घेतली हो मी. सावधान, विश्राम, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, संपलं. मैदान, शिट्टी आणि मी. डॉक्टर म्हणाले पळापळ बंद, त्यांचं काय जातं म्हणायला, पण आठवड्याच्या आत नवे पीटी सर आले, उड्या मारतच आले, आणि माझी शिट्टी घेऊन गेले. मला वाटलं, आता फाटकावर उभं करतात की घरीच पाठवतात... तर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावलं आणि एक खोका पुढे सरकवला. म्हणाल्या, बालवर्गाला कोडिंग शिकवायचंय. म्हटलं बाई, मला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, मुलगी येऊन करून देते. बाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

‘‘सर, तुम्ही आयुष्यभर ऑर्डरीच दिल्यात ना? हे तेच आहे. फक्त हे ऐकतात.’’

उचलला खोका.

खोक्यात सहा भुंगे. प्लास्टिकचे, मुठीएवढे, खाली चाकं, पाठीवर बाणांची बटणं. एक पुढे जायला, एक मागे यायला, एक डावीकडे वळायला, एक उजवीकडे, मधे हिरवं बटण, ते दाबलं की निघाला, आणि एक आधीचं सांगितलेलं पुसायचं. बरोबर चौकटी-चौकटीची सतरंजी आणि चित्रांचं पुस्तक. पुस्तकात एक बदक रस्ता चुकतं, पूल लागतो, झाड लागतं, चक्की लागते आणि शेवटी तळं, तीच चित्रं सतरंजीवर. मुलांनी बटणं दाबून बदकाला तळ्यावर न्यायचं, की झालं कोडिंग! शिकवायला एक प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या होत्या, दोन तास होत्या, त्यात चहा अर्धा तास. माझा भुंगा भिंतीवर जाऊन डोकं आपटत होता, तर मॅडम लांबूनच गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘त्याची चूक नाही सर. तो सांगितलं तेवढंच करतो.’’

सांगितलं तेवढंच करतो! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत असा विद्यार्थी मला एक मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा मला त्याला सांगता येईना.

पहिला दिवस. पाच वर्षांची बावीस पोरं. मी पुस्तक उघडलं, म्हटलं हे बदक. लगेच एक हात वर, मग हा भुंगा का आहे? म्हटलं, हा बदकाचं काम करतो. मग बदक काय करतं? ...अर्धा तास गेला त्यात. मग बटणं. एक पोरगा होता, सारखा स्वतःभोवती गोल फिरायचा, त्याला सगळे पंखा म्हणत, त्याने पुढे जायचं बटण एकोणीस वेळा दाबलं, भुंगा सतरंजी ओलांडून, दार ओलांडून, व्हरांड्यातून थेट शेजारच्या वर्गात, आणि पंखा त्याच्या मागे, आणि त्याच्या मागे एकवीस जणं. आणि आधीचं पुसलं नाही ना, तर हा भुंगा काल सांगितलेलं सगळं आधी करतो, मग आजचं. मोठ्या बाईंची मीटिंग अशीच असते, म्हणून मला ते लगेच समजलं, पण पोरांना कसं समजावणार? कोणी त्याला रागावतंय, कोणी थोपटतंय, कोणी कानाशी लागून ‘प्लीज जा ना तळ्यावर’ म्हणतंय. कान कुठेत त्याला?

मग मी माझा मैदानातला आवाज काढला. म्हटलं, ऐका सगळे. भुंगा चुकला तर रागवायचं नाही, मारायचं नाही, हाताने ढकलायचं तर अजिबात नाही. खाली बसायचं आणि चूक कुठे झाली ते शोधायचं. सापडली की दुरुस्त करायची. का? कारण तो सांगितलं तेवढंच करतो. बावीस जणांनी ते घोकलं. अगदी पहिल्या रांगेतल्या पिननेसुद्धा. ही पिन म्हणजे एवढीशी, बारीक आवाजाची, दोन वेण्या, आणि तुमच्याकडे अशी बघणार की आपल्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय असं वाटावं.

आणि काय सांगू, तिसऱ्या आठवड्यापासून चमत्कार. मी सतरंजीच्या पलीकडे पोरांकडे तोंड करून उभा राहायचो, कवायतीला राहायचो तसा, आणि पुस्तकातलं चित्र बघून ऑर्डर द्यायचो, दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक पुढे, डावीकडे वळ. पोरं बटणं दाबायची आणि भुंगा तळ्यावर. रोज! शेजारच्या वर्गालाही असाच खोका मिळालेला, त्यांचे भुंगे कपाटाखाली जाऊन बसत आणि माझे सहाच्या सहा तळ्यावर. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हटलं मी रस्ता सांगतो आणि यंत्र बरोबर पोचतं. ती इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, ‘‘तुम्ही? रस्ता सांगून?’’ आणि परत इस्त्री करायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे, जळतात माणसं.

मग आला पालकांचा दिवस. मोठ्या बाई आदल्या दिवशी म्हणाल्या, सर, उद्या नीट झालं तर तुमची जागा पक्की, नाहीतर मला संस्थेला उत्तर द्यायचंय. सरळच म्हणाल्या. एकावन्नाव्या वर्षी, एका गुडघ्यावर, माणूस दुसरीकडे जाणार कुठे? रात्री... नाही, रात्रीचं सोडा.

हॉल भरला. मला काय दुर्बुद्धी झाली, म्हटलं पोरं काय रोजच करतात, आज बटणं पालक दाबतील, मी सांगतो. पिनचे आजोबा पुढे आले. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. मांडी घालून बसले, भुंगा समोर घेतला. मी ऑर्डरी दिल्या. त्यांनी एकेक बटण दाबलं, सावकाश, माझ्याकडे बघून. हिरवं बटण... आणि भुंगा निघाला तो पुलापासून उलटा वळला, सतरंजीवरून उतरला आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीखाली गेला. मी म्हटलं, आजोबा, गडबड झाली तुमची, पुसा आणि परत. परत तेच. परत खुर्चीखाली. बाईंनी पाय वर घेतले.

आजोबा हळूच म्हणाले, ‘‘सर, डावं-उजवं मला कळतं हो.’’

आणि तेवढ्यात तो बारीक आवाज. पिन उभी राहिली.

‘‘आजोबा, सर उजवं म्हणाले की डावं दाबायचं. सरांचं उलटं आहे. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात शोधलं.’’

आता तुम्हाला सांगतो काय झालं होतं. बावीस वर्षं मी पोरांसमोर उभा राहून कवायत घेतली. त्यांचा उजवा हात वर व्हावा म्हणून मी माझा डावा वर करायचो आणि तोंडाने म्हणायचो उजवा. रोज. बावीस वर्षं! माझ्या अंगातच ते उलटं बसलं आणि मला पत्ता नाही. पत्ता कोणाला? बायकोला, आणि पाच वर्षांच्या बावीस पोरांना. मी सांगितलं होतं ना, रागवायचं नाही, चूक शोधायची. त्यांनी शोधली. चूक म्हणजे मी. दुरुस्तही केली, गुपचूप, दीड महिना. मी विचारलं, अगं मग मला सांगितलं का नाही? तर पिन म्हणाली, ‘‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’’

मी तसाच सतरंजीला वळसा घालून पोरांच्या बाजूला आलो. तुम्हाला खोटं वाटेल, त्या बाजूला मी कधी उभाच राहिलो नव्हतो. गुडघा वाकेना, पंख्याने स्टूल आणलं. पिनने माझा एक हात धरला, म्हणाली, हा उजवा. सोडलाच नाही तिने. मी सांगत गेलो, अडलो की ती हात दाबायची. आजोबांनी बटणं दाबली. भुंगा पुलावरून गेला, झाडापाशी वळला, चक्कीपाशी वळला, तळ्यावर जाऊन थांबला. तो काय, सांगितलं तेवढंच करतो. टाळ्या वाजल्या, तेव्हा मी डोळे पुसत होतो, कुठल्या हाताने ते विचारू नका.

पालक गेल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं. म्हटलं, गेली नोकरी. तर बाई खूश! म्हणाल्या, मुलांनी शिक्षकाची चूक शोधली, यापेक्षा जास्त काय शिकवायचं असतं? जागा पक्की. आणि हो, तुमच्यावर मुलांचा एवढा जीव आहे, तर सोमवारपासून रस्ता ओलांडायचा तासही तुम्हीच घ्या. म्हटलं, त्यात काय शिकवायचं? म्हणाल्या, सोपं आहे सर, आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे.

म्हटलं बरं बाई. मी आपला दोन्हीकडे बघत राहीन.