बाबांचा सरळ पाइप

थोरांचं ऐकावं म्हणता? आमच्या हेडमास्तर बाबांचं ऐकून काय झालं ते सांगतो. घरच्या संडासाची फुटकी लाइन बदलायला काढली होती. बाबांनी नव्या पाइपावर मिस्त्रीची सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा मधोमध नव्हता.
"तिरपा काहून टाकून राहिला? सरळ टाक."
"गुरुजी, उतार लागते."
मीही तेच म्हणालो.
"कॉलेज सोडलेल्यानं मले शिकवू नये."
पाइप सरळ बसला, वर अंगणाची फरशीही झाली. तिसऱ्या दिवशी संडास तुंबला. बाबांनी मिस्त्रीलाच बोलावलं.
"हे काहून तुंबलं गा?"
"घाणही तुमच्या शाळेतल्या पोट्ट्यांसारखी झाली, गुरुजी. हुकूम झाल्याशिवाय जागची हलत नाही."
अंगण पुन्हा खोदून होईपर्यंत बाबा लोटा घेऊन सरळ शेजाऱ्यांकडे जात होते.