पंख्यावरचं नाव

नाय नाय, भाऊसाहेब, वर बघू नका — वर काय हाय, देवळाचा पंखा हाय! मेली लाईट पण आत्ताच जायची होती. फिरत होता तोवर पात्यावरचं कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं. थांबला, आन् तुम्ही वाचलंतच — 'सप्रेम भेट, हैबती उतेकर, मुंबई'.

हो, तो मीच. हसा, हसा! कमी उत्पन्नाचा दाखला मागतोय, आन् डोक्यावर माझीच श्रीमंती टांगलेली. तुम्हाला इथं बसवलं कुणी? मीच. म्हटलं, तलाठी चढण चढून घामाघूम झालेत, जरा वारं लागू दे. असा मी शहाणा!

पण पेन खिशात घालू नका हो. माझी पोरगी पूजा दहावीला शाळेत पहिली आली — दाखला मिळाला तर स्कॉलरशिप, स्कॉलरशिप मिळाली तर महाडला अकरावी. नायतर तिची मावशी टपलेलीच हाय, मुंबईत कुणाचं मूल सांभाळायला न्यायला. तेव्हा खरं सांगतो — हळू बोलतो, बनुबाय पायरीवर तांदूळ निवडतेय, आन् तिचं लक्ष तांदळात नाय.

पंखा मी इकत नाय घेतला. मुंबईला ज्या बिल्डिंगचा वॉचमन होतो ती पाडायला काढली, लोकांनी जुनं सामान टाकलं, त्यातला हा. वाकडं पातं सरळ केलं, पेंटरकडनं नाव रंगवून घेतलं, आन् गेल्या सालच्या शिमग्याला खांद्यावर मारून गावात उतरलो. पालखीपुढं मानाचा नारळ दिला मला! सुपरवायझर म्हणतात वाडीत — मी नाय सांगितलं — म्हणजे, मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार? बिल्डिंग गेली तशी नोकरीपण गेली. तेव्हापास्नं घरीच हाय. रजेवर म्हणून सांगतो. एवढी रजा कलेक्टरला तरी मिळते का हो?

लाज वाटते, भाऊसाहेब. पण लिहा — वॉचमन होता, आता काम नाय. मोठ्यानं सांगतो, लिहा! बनुबाय, ऐकलंस ना गो? जा, सांग वाडीभर!

अगो... पूजा? तू कधीपास्नं उभी हायस दारात?

काय? गणपतीपास्नं ठाऊक हाय? मावशी बोलली? आन् तरी परवा तुझ्या मैत्रिणीला, त्या सेजलला सांगत होतीस — माझे बाबा रजेवर हायत म्हणून...

...आली बघा लाईट. फिरला. लिहून झालं ना, भाऊसाहेब? मग या आता तुम्ही.