जिलबीवर ठेचा

चौऱ्याहत्तर साली सदरच्या बसस्टॉपवर दोन म्हाताऱ्या माझ्यापुढं उभ्या होत्या.

"बायजाबाई, भाऊजीच्या दहाव्याले कावळा शिवला का वं?"

"लवकर कुठचा शिवते. पोरानं कबूल केलं, मायले सांभाळीन. दिरानं कबूल केलं, वावर विकणार नाही. तरी पिंड तसाच."

"आवडीचं ठेवलं नव्हतं का?"

"जिलबी ठेवली होती ना. मंग मी घरून मिरचीचा ठेचा मागवला अन् तिच्यावर थापला."

"जिलबीवर ठेचा?"

"तशीच आवडे त्याईले. चाळीस वर्सं मी पाहुण्याईसमोर खाऊ देल्ली नाही."

"मंग?"

"मी बाजूले सरकलीबी नव्हती, तं कावळ्यानं उचलली."

"रडली असशीन तू."

"ठेच्याचा हात डोळ्याले लागला वं."