कुणाच्या नावावर

धाकटी : अगं पण पलीकडे दुसरं दुकान आहे ना! तुझा तो जुना साहेब दिसला तर दिसला, आपण निघू चल.

थोरली : निघायचं कशाला? आता तर लॅपटॉप इथूनच घ्यायचा.

धाकटी : नक्की तोच आहे का पण? तू सांगायचीस तो कडक इस्त्रीतला साहेब होता. हा तर निळा टी-शर्ट घालून काचा पुसतोय.

थोरली : तोच. डावी भुवई बघ त्याची. कुणी काही सांगायला लागलं की ती वर जाते. ती वर गेली की आम्ही बोलणं अर्धवट सोडून जागेवर पळायचो. चौदा महिने झाले, तरी शंभर माणसांत ओळखीन ती भुवई.

धाकटी : आणि करणार काय आहेस? भांडू नकोस हं ताई. सगळे बघतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

थोरली : भांडते कशाला? मी गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक नुसते प्रश्न विचारतं. अहो, जरा इकडे येता का?

विक्रेता : आलो, आलो. बोला मॅडम, काय दाखवू...

थोरली : थांबलात का? बोला ना, काय दाखवणार?

विक्रेता : नाही... काही नाही. तुम्हाला काय हवंय?

थोरली : लॅपटॉप. रोज खांद्याला लावून दोन-तीन ठिकाणी जाते, त्यामुळे हलका पाहिजे. काम प्रोग्रॅमिंगचं. आणि रविवारी आम्ही दोघी बहिणी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो, तेवढा न अडखळता चालला पाहिजे.

धाकटी : मी जिंकते नेहमी.

विक्रेता : अरे वा. मग हा बघा. पंधरा इंची, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, गेम तर असा पळेल...

थोरली : वजन?

विक्रेता : दोन किलो तीनशे.

थोरली : चार्जर धरून?

विक्रेता : चार्जर... तो सातशेच्या आसपास असेल.

थोरली : म्हणजे तीन किलो. हलका म्हणाले ना मी? ऐकलं नाहीत का? दुसरा दाखवा.

विक्रेता : हा घ्या. एक किलो शंभर. कागदासारखा आहे अगदी.

थोरली : रॅम?

विक्रेता : आठ जीबी.

थोरली : पुढे वाढवता येते?

विक्रेता : नाही, ती बोर्डवर कायमची बसवलेली असते.

थोरली : प्रोग्रॅमिंग म्हणाले मी. एका वेळी दहा गोष्टी उघड्या असतात माझ्या. आठमध्ये तो दुपारपर्यंत मान टाकेल. हे तुम्हाला कळायला हवं. पुन्हा.

विक्रेता : काय म्हणालात?

थोरली : पुन्हा, म्हणाले. पुन्हा बघा, पुन्हा आणा. तो वरच्या फळीवरचा काळा दिसतोय, तो काढा.

विक्रेता : त्याचं खोकं मागच्या खोलीत आहे. स्टूल घेऊन यावं लागेल.

थोरली : मग आणा. मला कुठे घाई आहे?

धाकटी : गेला बिचारा. ताई, अगं घाम फुटलाय त्याला.

थोरली : फुटू दे. तो मला तीन वर्षं 'पुन्हा' म्हणत होता. कारण विचारलं की नुसती भुवई वर. आणि सगळ्यांदेखत, हं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला माझं मशीन जोडायचा आणि म्हणायचा, लिही, आम्ही बघतो. बाराजण मागे उभे. साधी साधी अक्षरं चुकायची माझी.

धाकटी : हे तू कधी बोलली नाहीस घरी.

थोरली : काय बोलणार? आई म्हणाली असती, साहेब म्हटल्यावर थोडं ऐकावंच लागतं.

धाकटी : पण मग तुला काढलं ते नक्की कशावरून? आम्हाला एवढंच कळलं की तुझ्या चुकीने काहीतरी बंद पडलं.

थोरली : बघ, घरातसुद्धा 'तुझ्या चुकीने'च पोचलं! ऐक आता. आमच्याकडे नियम होता. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. आपलाच कोड आपणच मंजूर करायचा नाही. त्या शुक्रवारी सरांना घाई होती. त्यांनी स्वतः काहीतरी लिहिलं होतं, आणि ते तपासायला कुणाकडे दिलं असतं तर दोन दिवस गेले असते. मला म्हणाले, खाली पाहुणे आलेत, त्यांना वर घेऊन ये. मी स्क्रीन लॉक करायला लागले तर म्हणाले, कशाला लॉक करतेस, एका मिनिटाचं तर काम आहे.

धाकटी : आणि तू तशीच गेलीस?

थोरली : तशीच गेले. साहेबांनी सांगितल्यावर कोण संशय घेतं? खाली पाहुणे नव्हतेच. मी वर येईपर्यंत त्यांचा कोड माझ्या मशीनवरून गेलेला, म्हणजे माझ्या नावावर. आणि आपल्या खुर्चीत जाऊन त्यांनी तो मंजूरही केलेला. त्या कोडमुळे बसच्या तिकिटांची अख्खी यंत्रणा दोन दिवस झोपली. लोक रांगेत उभे. आणि सगळीकडे नाव माझं.

धाकटी : अगं बाई! मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?

थोरली : सांगितलं ना. कोण ऐकतंय? यंत्रणेत नाव दिसत होतं माझं. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडले. म्हटलं, सर, फक्त एक वाक्य बोला. तर म्हणाले, प्रोसेस म्हणजे प्रोसेस. त्यानंतर नऊ मुलाखती दिल्या मी. सगळं छान व्हायचं, मग जुन्या ऑफिसात फोन जायचा, आणि संपलं. आत्ता कुठे सुटी कामं मिळायला लागलीत, तीही ओळखीने. गप, आला तो.

विक्रेता : हा घ्या मॅडम. चौदा इंची. एक किलो तीनशे. सोळा जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पण आतलंच चांगलं आहे. तुमचा शर्यतीचा गेम मध्यम सेटिंगवर नीट चालेल. बॅटरी कामाच्या दिवसाला पुरते. स्क्रीन चकचकीत नाही, त्यामुळे खिडकीसमोर बसलात तरी स्वतःचा चेहरा दिसत नाही त्यात. आणि चार्जर पण छोटासा आहे.

धाकटी : हा कसला भारी आहे! ताई, उचलून बघ.

थोरली : फॅनचा आवाज?

विक्रेता : गेमला होतो थोडा. लिहिताना गप असतो.

थोरली : कीबोर्ड?

विक्रेता : उत्तम. मी स्वतः... म्हणजे, ज्यांनी जन्मभर टाइप केलंय त्यांना हाच आवडतो.

थोरली : मग लिहून दाखवा.

विक्रेता : तुम्हीच बघा ना हात लावून.

थोरली : नाही, तुम्ही लिहा, मी आवाज ऐकते. मराठी येतं ना त्यात? आणि भिंतीवर तो मोठा टीव्ही आहे, त्याला जोडा. मला बाहेरच्या पडद्यावर कसं दिसतं तेही बघायचंय. कामाला लागतं मला.

विक्रेता : त्यावर जाहिरात चालू आहे.

थोरली : जाहिरात दोन मिनिटं थांबेल. जोडा.

धाकटी : ताई...

थोरली : तू गप. जोडलंत? छान दिसतंय. आता लिहा. 'त्या दिवशी शुक्रवार होता.'

विक्रेता : ...लिहिलं.

थोरली : 'मी तिला खाली पाठवलं.'

विक्रेता : हे...

थोरली : लिहा ना. आम्ही बघतोय.

विक्रेता : हे बघ, तू... तुम्ही... इथे नको. मालक तिथे काउंटरवर बसलेत.

थोरली : बसू देत. आमच्या मागे बाराजण उभे असायचे. इथे तर मोजून पाच माणसं आहेत. लिहा. 'खाली कुणीही पाहुणे नव्हते.'

विक्रेता : लिहिलं.

थोरली : 'तिच्या मशीनवरून जो कोड गेला, तो...' पुढचं तुम्ही पूर्ण करा. मला काय माहीत तो कुणाचा होता? नाव माझं होतं ना त्यावर.

धाकटी : ताई, सगळे वळून बघायला लागलेत.

थोरली : बघू देत. अक्षरं का चुकतायत हो तुमची? कीबोर्ड उत्तम आहे म्हणालात.

विक्रेता : ...झालं. वाच.

धाकटी : 'तो कोड माझा होता. तो मी पाठवला. मंजूरही मीच केला. तिची काही चूक नव्हती.' ताई, चूक नव्हती असं लिहिलंय गं त्याने. तू सांगितलं नव्हतंस ते.

थोरली : वाचता येतं मला. थांबा, पुसू नका, फोटो काढते. आता हेच मोठ्या साहेबांना पाठवा.

विक्रेता : पाठवलं असतं. मोठे साहेब तिथे नाहीत आता. तो विभागच बंद केला कंपनीने. मला काढल्यावर चार महिन्यांनी.

थोरली : तुम्हाला का काढलं?

विक्रेता : पुन्हा तसंच झालं. घाई होती, मी न तपासलेला कोड टाकला. या वेळी माझ्याच नावाने टाकावा लागला.

थोरली : का? माझ्यासारखी कुणी सापडली नाही?

विक्रेता : कुणाची स्क्रीनच उघडी नसायची. तू गेलीस त्या सोमवारपासून सगळे लॉक करून उठायला लागले. प्यायचं पाणी आणायला उठले तरी लॉक करायचे.

थोरली : सगळे?

विक्रेता : सगळे. तुझ्या शेजारी बसायची ती जाडी मैत्रीण तर दोनदा तपासून उठायची.

थोरली : म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्यासोबत रोज डबा खायचे, आणि त्यांना माहीत होतं. स्वतःची मशीनं तेवढी जपली सगळ्यांनी. मला निरोप देताना रडली होती ती! मी तिलाच धीर दिला!

धाकटी : ताई, बस ना जरा. पाणी देऊ का?

थोरली : नको. हाच लॅपटॉप घेते मी. बिल करा.

विक्रेता : खरंच घेतेस? म्हणजे, घेता? थँक यू. अगदी मनापासून. तुला खोटं वाटेल, पण आज माझा तीन महिन्यांच्या चाचणीचा शेवटचा दिवस आहे. ठरलेल्या विक्रीत एक मशीन कमी पडत होतं. संध्याकाळी मालक यादी बघतात आणि ठेवायचं की नाही ते सांगतात.

थोरली : हो का? बिलावर विकणाऱ्याचं नाव असतं वाटतं?

विक्रेता : असतं. इथे खाली येतं.

थोरली : ती पलीकडे निळ्या टी-शर्टातली चष्मेवाली उभी आहे ना, तिचं नाव घाला.

विक्रेता : तिने तर काहीच...

थोरली : तिने काहीच केलेलं नाही. तुम्ही खोकी काढलीत, स्टुलावर चढलात, वजनं सांगितलीत. काम सगळं तुमचं. नाव तिचं. असं करता येतं, मला माहीत आहे.

धाकटी : ताई, झालं ना आता. लिहून दिलं त्याने. जाऊ दे.

थोरली : तू मध्ये पडू नकोस.

धाकटी : अगं पण नोकरी जाईल त्याची.

थोरली : माझी गेली तेव्हा कोण मध्ये पडलं होतं?

विक्रेता : मी हात जोडतो. माझ्यावर राग काढ, मला चार शिव्या दे, पण हे एवढं...

थोरली : प्रोसेस म्हणजे प्रोसेस. तिचं नाव नसेल तर लॅपटॉप राहू द्या, पलीकडे दुसरं दुकान आहे.

विक्रेता : ...नको. मालकांनी बघितलंय तुम्हाला. गिऱ्हाईक परत गेलं तर आणखीच... घालतो. तिचं नाव घालतो.

थोरली : जरा मला दिसेल अशी फिरवा ती स्क्रीन. हां. आता ठीक आहे.

धाकटी : त्या मुलीला कळेल का तरी?

थोरली : कळेल संध्याकाळी. मालक यादी वाचतील तेव्हा.

धाकटी : आणि ती गप्प बसेल?

थोरली : ते मला नको विचारूस. बाराजणांना विचार.

विक्रेता : ही पिशवी. बिल आत आहे. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवलाय. मशीन मी चालू करून सगळं लावून दिलंय.

धाकटी : चल ताई. झालं ना तुझ्या मनासारखं? बरं वाटतंय का आता?

थोरली : वाटेल म्हणून आले होते. बघू. आधी इथून बाहेर पडू.

विक्रेता : एक सांगायचं राहिलं. उठून गेलात की स्क्रीन आपोआप लॉक होईल. एका मिनिटावर लावलंय.

थोरली : एक मिनिट फार होतं, सर.