शैला काय बोलली ते सांगायचं होतं

माझं नाव सुलभा. गाव मालवणाकडे, पण जन्म इथला, शहरातलाच, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे आम्ही कांजूरला आलो आणि लग्नही माझं कांजूरलाच झालं, म्हणजे माहेर या गल्लीत नि सासर त्या गल्लीत, रुसून जायचं तरी कुठे, पोचायच्या आत राग उतरायचा. मिस्टर रिक्षा चालवतात. मुलं शाळेत जायला लागली तशी मी अंधेरीला दागिन्यांच्या कारखान्यात लागले, आणि खरं सांगते, हातपाय चालतायत तोवर तिथेच राहणार होते.

काम काय, तर भिंगातून बघायचं, अंगठीतले खडे घट्ट बसलेत की हलतायत. मान धरायची, पण एसीतलं काम, बायका चांगल्या. नियम मात्र कडक हां. फोन बाहेर लॉकरमध्ये. निघताना झडती, चपला काढून, केस सोडून. काय सांगू तुम्हाला, आमचे हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जात नाही, त्यातली सोन्याची धूळ गाळून घेतात. मला त्याचं कधी वाईट नाही वाटलं. सोनं त्यांचं, डिझाइन त्यांची, उद्या कोणी फोटो काढून बाहेर दिला तर त्यांची वाट लागेल, ते पटायचं मला.

शैला माझ्या बाजूच्या खुर्चीवर. कुर्ल्याची. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, प्राजू. शैला तोंडाने फटकळ, सुपरवायझरला सरळ म्हणायची, अरे बाबा जरा हसलास तर काय पगार कापणारेत तुझा? आणि तो हसायचा पण. डबा आमचा एकत्र. माझी सोलकढी प्यायची आणि वर म्हणायची, तुम्हा मालवण्यांना नारळाशिवाय काही येतं का गं?

त्या दिवशी जेवण झालं आणि म्हणाली, सुलभा, छातीत कसंतरी होतंय गं. घाम फुटलेला. मी धरून तिला दरवाज्यापाशी नेलं. आता तो दरवाजा झडतीशिवाय कोणाला उघडत नाही. झडतीवाली बिचारी गोंधळली, म्हणाली सरांना विचारते, सर मीटिंगमध्ये, फोन उचलेनात. मी ओरडले, अगं बघ ना तिच्याकडे, ती काय सोनं घेऊन चाललीय? शैलाला उभं राहवेना, मी खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, प्राजूला फोन कर, पण घाबरवू नको तिला. फोन तर दरवाज्याच्या पलीकडे. मग उघडला एकदाचा, गाडी पण आली, पण हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

मी आमच्या दोघींचा दसऱ्याचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, शैला, दार वेळेवर उघडायला हवं होतं गं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी, खोटं का बोलू, पाणी पण दिलं. म्हणाल्या, स्टेटस काढा, कंपनीचं आतलं बाहेर लिहायचं नाही. काढलं मी. मग कागद पुढे सरकवला, त्या दिवशी आत काय झालं ते कोणाशी बोलणार नाही म्हणून. सगळ्यांनी सह्या केल्यात, म्हणाल्या. मी विचारलं, प्राजूशी पण नाही? म्हणाल्या, तिच्याशी तर नाहीच. आई खुर्चीतच गेली, त्रास झाला नाही, असं सांगितलंय आम्ही, तिला तेवढाच दिलासा. मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी मिस्टरना सांगितलं. ते म्हणाले, सही कर नि गप बस, सगळीकडे हेच असतं. मी पण तसंच ठरवत होते हो. पण संध्याकाळी प्राजूचा फोन. मावशी, आई काहीच बोलली नाही का गं? एवढी बडबडी बाई, जाताना एक शब्द पण नाही?

मी म्हटलं, येते उद्या.

सकाळी आधी अंधेरीला गेले. मॅडमना म्हटलं, डिझाइन मी कोणाला सांगणार नाही, शब्द आहे माझा, पण शैला काही डिझाइन नव्हती. नोकरी सोडते. मॅडम म्हणाल्या, विचार करा. मी म्हटलं, केला. ज्या बायकांनी सह्या केल्या त्यांच्यावर माझा राग नाही हां, प्रत्येकीच्या मागे घर आहे.

तिथून कुर्ल्याला. प्राजूला सगळं सांगितलं, दार पण, मांडी पण. रडली नाही. म्हणाली, घाबरवू नको म्हणाली? परत सांग ना मावशी. मी परत सांगितलं. मग रडली, खूप रडली, आणि मग म्हणाली, आता भूक लागली. मी पिठलं टाकलं, दोघी जेवलो.

पुढे ती एकटी जाऊन कारखान्याच्या शेठना विचारून आली, दार का नाही उघडलं म्हणून. उत्तर काय मिळायचं! पण तिथली एक बाई परवा भेटली, म्हणाली, आता कोणाला बरं नसलं तर दार आधी उघडतात, झडती बाजूला. आमच्यामुळे की कशामुळे, देव जाणे.

मी आता इथेच गल्लीत पोळी-भाजी केंद्रात जाते. अंधेरीच्या बायकांची आठवण येते, नाही असं नाही. मिस्टर आधी कुरकुरले, आता गप असतात. प्राजू नोकरीला लागली, रविवारी येते, देव तिचं बरं करो. आणि तुम्ही मघाशी विचारलंत ना, लिहिताना नाव बदलू का? नको. सुलभाच लिहा.