कॅन्टीनच्या बाकावर

(खाणीच्या फाटकाजवळची कामगारांची कॅन्टीन. दुपार. टेबलावर पत्ते मांडलेले.)

सासू : हां, असे सात ढीग. खालचे पत्ते उलटे, वरचा तेवढा सुलटा. आता आपलं आपण खेळायचं.

सून : आई, फाटकापाशी गर्दी वाढलीय. मी बघून येते ना.

सासू : तिथे सगळ्या तुझ्यासारख्याच उभ्या आहेत. त्यांना काय ठाऊक असणार? बस. या लाल अठ्ठीवर काय बसेल?

सून : सत्ती.

सासू : कुठली?

सून : काळी. इस्पिकची. आई, सकाळी खाली छत कोसळलं, अजून एकाचाही पत्ता नाही, आणि आपण पत्ते घेऊन बसलोय. लोक काय म्हणतील?

सासू : लोक तेव्हाही म्हणाले होते. तुझे सासरे खाली अडकले, तेव्हा इथेच एका बाईनं मला हा डाव शिकवला. नखं खाऊन खाऊन बोटांतून रक्त काढलं होतं मी. ती म्हणाली, हातांना काम दे, नाहीतर जीव खातील.

सून : बरं. मग हा डाव लागला, तर हे सुखरूप वर येतील. असं धरते मी.

सासू : असलं काही धरायचं नाही.

सून : मनातल्या मनात हो.

सासू : मनातही नाही. त्या बाईचा डाव लागला होता. चारही राजे वर चढले. तिचा नवरा नाही आला.

सून : आणि तुमचा डाव?

सासू : अर्ध्यातच अडला. तुझे सासरे मात्र स्वतःच्या पायांनी आले. पत्त्यांना काही कळत नसतं, पोरी. तो गुलाम हलव.

सून : यांना अंधाराची भीती वाटते. घरी दिवा मालवू देत नाहीत. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते.

सासू : मला काय सांगतेस. लहानपणी माझं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही.

सून : आत्ता कुणाचं धरलं असेल?

सासू : पुढचा पत्ता उचल.

सून : आई, लालवर लाल ठेवलंत.

सासू : कुठे?

सून : ही बघा, बदामाच्या चव्वीवर चौकटची तिर्री.

सासू : राहू दे. तू खेळ.

सून : आई, ते खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटणारे काका इकडेच येताहेत. टोपी काढून हातात घेतलीय त्यांनी.

सासू : बघू नकोस तिकडे. पत्त्यांकडे बघ.

दिवेवाला : वहिनी...

सासू : उगाच प्रस्तावना नको. काय ते सांगून टाक.

दिवेवाला : पोरगा वर आलाय. पाय मोडलाय, पण शुद्धीवर आहे. तुम्हा दोघींना विचारतोय.

सासू : मग टोपी कशाला काढलीस, मेल्या?

दिवेवाला : पळत आलो, वहिनी. घाम आला.

सून : आणि बाकीचे, काका?

दिवेवाला : अजून खणताहेत. हळू बोल, बाई. पलीकडच्या टेबलावर त्यांची माणसं आहेत.

सासू : ऊठ पोरी. चल.

सून : तुम्ही व्हा पुढे. माझे पायच उचलत नाहीत.

सासू : माझेही नाही उचलत. हात दे.